यूकेत नवीन आलात? मत कसं द्यायचं, खासदाराला कसं गाठायचं आणि संसद चालते कशी

यूकेत आल्यावर बँक अकाउंट, जीपीकडे नाव, मुलांची शाळा, काउन्सिल टॅक्स हे सगळं आपण पहिल्या महिना दोन महिन्यांत धावपळ करून उरकतो, पण एक गोष्ट कित्येक मराठी घरांत वर्षानुवर्षं माहीतच नसते, ती म्हणजे भारतीय पासपोर्ट असला तरी इथे मत देता येतं. नुसतं लोकल काउन्सिलचं नाही, थेट पार्लमेंटचं सुद्धा. ब्रिटिश सिटिझन व्हायची वाट बघायची गरज नाही, पीआरचीही नाही. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, आणि कॉमनवेल्थ देशाचा नागरिक इथे कायदेशीर व्हिसावर राहत असेल आणि १८ पूर्ण असेल तर तो मतदार. स्टुडंट, स्किल्ड वर्कर, डिपेंडंट, ग्रॅज्युएट रूट, सगळे आले. ऑफिसातल्या फ्रेंच किंवा जर्मन सहकाऱ्याला पार्लमेंटचं मत नसतं आणि तुम्हाला असतं, एवढा मोठा हक्क न वापरता ठेवायचा म्हणजे मला खरंच हळहळ वाटते. म्हणून सगळं एका ठिकाणी, नवीन माणसाला कळेल असं लिहितेय.

पायरी १: आधी मतदार यादीत नाव घाला, बाकी नंतर वाचा

गव्ह डॉट यूके या सरकारी साईटवर रजिस्टर टू व्होट असं शोधा, फॉर्म पाच मिनिटांचा आहे. नाव, पत्ता, जन्मतारीख, नॅशनॅलिटीमध्ये इंडियन, आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर. तो नंबर अजून आला नसेल तरी अर्ज करता येतो, मग काउन्सिल ओळखीची कागदपत्रं मागते. घरात प्रत्येकाने आपला आपला अर्ज करायचा, नवऱ्याने भरला म्हणजे बायकोचं झालं असं इथे होत नाही. फिरायला आलेले आईबाबा व्हिजिटर व्हिसावर असतील तर त्यांचं नाव घालायचं नाही, कारण इथला रहिवासी असणं ही अट आहे. घर बदललं की नाव आपोआप नवीन पत्त्यावर जात नाही, पुन्हा रजिस्टर करावं लागतं. निवडणूक लागली तर मतदानाच्या १२ वर्किंग डे आधी नाव नोंदलेलं हवं, आणि निवडणूक लागल्याची घोषणा अचानक होते (२०२४ ची झाली तेव्हा मतदानाला जेमतेम सहा आठवडे होते), तेव्हा आत्ताच केलेलं बरं.

नाव कसं लिहायचं हा आपल्याकडचा खास प्रश्न आहे, इथे नीट लक्ष द्या. आपल्या पासपोर्टवर बहुतेक वेळा गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं आणि सरनेममध्ये आडनाव. काही जणींचं पासपोर्टवर माहेरचं आडनाव असतं आणि इथे जीपी, बँक सगळीकडे सासरचं लागलेलं असतं. मतदान केंद्रावर तुमचं फोटो आयडी आणि यादीतलं नाव ताडून बघतात. स्पेलिंगमधला बारीकसा फरक किंवा नावाचं छोटं रूप चालून जातं पण आडनावच वेगळं असेल तर अडचण येते. तेव्हा जो आयडी घेऊन जाणार आहात त्यावर जसं नाव आहे तसंच यादीत घाला, सोपं पडतं.

फॉर्ममध्ये ओपन रजिस्टरबद्दल एक प्रश्न येतो. ही यादी कोणीही विकत घेऊ शकतं, म्हणजे जाहिरातवाले पण. तिथे नाही म्हटलं तरी तुमच्या मताला काहीही धक्का लागत नाही, मी सगळ्यांना नाहीच म्हणा असं सांगते. मुख्य यादीत नाव असण्याचा मात्र एक जास्तीचा फायदा आहे. क्रेडिट रेफरन्स कंपन्या पत्ता पडताळायला हीच यादी बघतात, त्यामुळे मोबाईल काँट्रॅक्ट, क्रेडिट कार्ड, पुढे मॉर्गेज या सगळ्याला मदत होते. दरवर्षी काउन्सिलकडून घरात कोण कोण राहतं हे विचारणारं पत्र येतं, ते जाहिरात समजून फेकू नका, त्यात उत्तर मागितलं असेल तर ते द्यावंच लागतं आणि न दिल्यास दंड होऊ शकतो.

एक भीती बऱ्याच जणांच्या मनात असते ती पण काढून टाकते. इथे मत दिल्याने भारतीय नागरिकत्व जात नाही. ते जातं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतल्यावर. उद्या तुम्ही ब्रिटिश झालात तर भारतीय पासपोर्ट सरेंडर करून ओसीआय घ्यायचा, तो वेगळा विषय.

पायरी २: कुठलं काम कोणाकडे, ते ओळखा

इथे निम्मी चिडचिड चुकीच्या दारात उभं राहिल्याने होते. कचऱ्याचा डबा उचलला नाही म्हणून खासदाराला लिहायचं आणि व्हिसा रखडला म्हणून काउन्सिलला फोन करायचा, दोन्हीकडून नाही ऐकावं लागतं.

काउन्सिल म्हणजे आपली महापालिका समजा. कचरा, लायब्ररी, पार्किंग परमिट, शाळा प्रवेश, घर वाढवायची परवानगी, रस्त्यावरचे खड्डे, मंडळाच्या गणपतीसाठी पार्क हवा असेल तर ती परवानगी, हे सगळं काउन्सिल बघते, आणि काउन्सिल टॅक्सचं बिल तीच पाठवते. लंडनमध्ये ३२ बरो आहेत, म्हणजे स्वतःची काउन्सिल असलेले भाग, आणि शिवाय सिटी ऑफ लंडन. डॉलिस हिलचं आपलं महाराष्ट्र मंडळ ब्रेंट बरोमध्ये येतं, दोन स्टेशन पुढे बरो बदलला की डब्यांचे रंग आणि पार्किंगचे नियम पण बदलतात. लंडनबाहेर काही भागांत दोन थर असतात, डिस्ट्रिक्टकडे कचरा आणि काउंटीकडे रस्ते आणि शाळा, त्यामुळे पोस्टकोड टाकून आधी बघून घ्या. तुमच्या वॉर्डात एक ते तीन काउन्सिलर असतात, बहुतेक जण स्वतःची नोकरी सांभाळून हे काम करतात, थोडा भत्ता मिळतो, आणि ईमेलला बऱ्याचदा स्वतः उत्तर देतात. लोकल निवडणुका साधारण मे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी असतात.

स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंड यांना स्वतःची विधिमंडळं आहेत, एडिंबरा, कार्डिफ आणि बेलफास्टला. तिथे आरोग्य आणि शिक्षण त्यांच्याकडे, म्हणून इंग्लंडमध्ये औषधाच्या प्रिस्क्रिप्शनला पैसे पडतात आणि तिथे पडत नाहीत. गंमत म्हणजे इंग्लंडला स्वतंत्र विधानसभाच नाही, मुख्यमंत्री असा कोणी नाही, इंग्लंडचं सगळं थेट वेस्टमिन्स्टर, म्हणजे लंडनचं पार्लमेंटच बघतं. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये त्यांच्या स्वतःच्या आणि लोकल निवडणुकांना १६ व्या वर्षीच मत मिळतं, तेव्हा तिकडे राहत असाल तर घरातल्या अकरावी बारावीच्या मुलांना पण नाव घालायला सांगा.

व्हिसा, इमिग्रेशन, संरक्षण, परराष्ट्र धोरण, बहुतेक कर, हे सगळं लंडनच्या पार्लमेंटकडे, म्हणजे तुमच्या खासदाराकडे.

पायरी ३: मतदानाचा दिवस

मतदान गुरुवारी असतं आणि सुट्टी नसते. सकाळी ७ ते रात्री १० केंद्र उघडं, म्हणून ऑफिसच्या आधी किंवा नंतर जाता येतं, आणि १० वाजता रांगेत उभे असाल तर मत देऊ देतात. घरी पोल कार्ड येतं त्यावर केंद्राचा पत्ता असतो. शाळा, चर्चचा हॉल, कम्युनिटी सेंटर, काही ठिकाणी चक्क पब. ते केंद्र सोडून दुसरीकडे चालत नाही. कार्ड हरवलं तरी मत देता येतं.

फोटो आयडी मात्र लागतो, पार्लमेंटच्या निवडणुकीला आणि इंग्लंडमधल्या लोकल निवडणुकांना, हा नियम २०२३ पासून आला. भारतीय पासपोर्ट चालतो कारण कॉमनवेल्थ देशांचे पासपोर्ट यादीत आहेत. इथलं ड्रायव्हिंग लायसन्स, प्रोव्हिजनल असलं तरी चालतं. मुदत संपलेला आयडी सुद्धा चालतो, फोटोत तुम्ही ओळखू आलात की झालं. फोनवरचा ई-व्हिसा दाखवून चालत नाही, ऑफिसचा बॅजही नाही. पासपोर्ट नेमका रिन्यूअलला गेला असेल आणि लायसन्स नसेल तर व्होटर अथॉरिटी सर्टिफिकेट फुकट मिळतं पण ते आधी मागवावं लागतं. आयडीची यादी अधूनमधून बदलू शकते म्हणून पोल कार्डावर छापलेली एकदा वाचा.

आत गेलं की नाव पत्ता सांगायचा, आयडी दाखवायचा, ते यादीत रेघ मारतात आणि कागदाची मतपत्रिका देतात. ईव्हीएम नाही, बोटाला शाई नाही. बूथमध्ये दोरीला बांधलेली पेन्सिल असते, आपलं पेन वापरलं तरी हरकत नाही. पार्लमेंटला एकाच नावासमोर फुली मारायची, टिक मार्क नको, सही नको, काही लिहू नका, घडी घालून पेटीत टाका. दाराबाहेर पक्षाचे रंगीत बिल्ले लावलेले लोक तुमचा नंबर विचारतील, ते सरकारी माणसं नसतात, आपल्या समर्थकांपैकी कोण येऊन गेलं याची नोंद ठेवत असतात, सांगायचं की नाही ते तुमच्यावर आहे.

पुण्याला जाणार असाल त्या काळात किंवा कामाच्या वेळा अडचणीच्या असतील तर पोस्टल व्होट घ्या, कारण देण्याची गरज नाही. मत कागदावर देऊन सही आणि जन्मतारखेसकट पाठवायचं. पण भारतातून पोस्टाने परत पाठवायच्या भानगडीत पडू नका, पाकीट वेळेत पोचेल याची खात्री नसते, त्यापेक्षा प्रॉक्सी नेमा म्हणजे विश्वासातला माणूस तुमच्या वतीने मत देईल.

पायरी ४: तुमच्या फुलीचं पुढे काय होतं

हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे इथल्या लोकसभेत, ६५० जागा. त्यातल्या इंग्लंडच्या ५४३, म्हणजे आपल्या लोकसभेच्या एवढ्याच, निव्वळ योगायोग आहे पण लक्षात ठेवायला बरा. स्कॉटलंड ५७, वेल्स ३२, नॉर्दर्न आयर्लंड १८. पद्धत आपल्यासारखीच, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून, निम्म्याच्या वर लागत नाहीत. याचा परिणाम काय होतो तो ४ जुलै २०२४ ला दिसला. लेबर पक्षाला देशभरात एक तृतीयांशाच्या थोडी वर मतं पडली आणि जागा मिळाल्या ४११. रिफॉर्म यूकेला १४ टक्के मतं आणि जागा ५, लिबरल डेमोक्रॅट्सना १२ टक्के मतं आणि जागा ७२. मतं कुठे एकवटली आहेत यावर सगळं ठरतं, म्हणून इथे लोक टॅक्टिकल व्होटिंग करतात, म्हणजे आपला आवडता पक्ष आपल्या भागात तिसरा असेल तर पहिल्या दोघांतला कमी नावडता निवडतात. मला ही पद्धत फारशी न्याय्य वाटत नाही, पण आहे ती अशी आहे आणि तिच्यात एकेका मताला किंमत कशी येते ते पण बघा, त्याच निवडणुकीत उत्तर लंडनच्या हेंडनमध्ये निकाल फक्त १५ मतांनी लागला आणि दक्षिणेला पूलमध्ये १८ मतांनी. हेंडनच्या आसपास किती भारतीय कुटुंबं राहतात ते तिकडे राहणाऱ्यांना सांगायला नको.

आणि ही काही आजची गोष्ट नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेले दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून कॉमन्समध्ये गेले, तेही हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच मतांनी, आणि त्याच्या चार वर्षं आधी पंतप्रधान लॉर्ड सॉलिस्बरी जाहीर सभेत म्हणाले होते की ब्रिटिश मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल असं त्यांना वाटत नाही. त्यानंतर १८९५ ला मंचेरजी भावनगरी कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणून, १९२२ ला शापुरजी सकलातवाला लेबरकडून बॅटरसीतून. दोघंही मुंबईत जन्मलेले, आणि दादाभाई धरून तिघांचे पक्ष तीन वेगवेगळे. तेव्हा हे राजकारण आपलं नाहीच असं कोणी म्हणालं की मला हे तिघं आठवतात.

पंतप्रधान थेट निवडला जात नाही. ज्या पक्षाकडे कॉमन्समध्ये बहुमत त्याचा नेता राजाकडे जातो आणि राजा त्याला सरकार बनवायला सांगतो. कोणालाच बहुमत नसेल तर जोडाजोडी होते, २०१० मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरल डेमोक्रॅट्सनी पाच वर्षं आघाडी चालवली, २०१७ ला थेरेसा मे यांनी नॉर्दर्न आयर्लंडच्या डीयूपी या पक्षाचा बाहेरून पाठिंबा घेतला. मधेच नेता बदलला तर निवडणूक न होता पंतप्रधान बदलतो. २०२२ मध्ये बोरिस जॉन्सन गेले, लिझ ट्रस ४९ दिवस राहिल्या, मग ऋषी सुनक आले, आणि या सगळ्यात तुम्हीआम्ही एकदाही मत दिलं नाही. ट्रस यांना निवडलं ते पक्षाच्या सभासदांनी, मत द्यायचा हक्क होता सुमारे पावणेदोन लाख जणांना. म्हणजे पक्षाचं सभासद असणं इथे फार वजनाचं आहे, आणि सभासद व्हायला ब्रिटिश पासपोर्ट असलाच पाहिजे असं नाही, प्रत्येक पक्षाचे नियम वेगळे आहेत ते बघून घ्या.

जास्तीत जास्त पाच वर्षांनी निवडणूक, पण तारीख ठरवणं पंतप्रधानाच्या हातात. सरकारने कॉमन्सचा विश्वास गमावला तर खेळ संपतो. १९७९ च्या मार्चमध्ये जेम्स कॅलहन यांचं सरकार ३११ विरुद्ध ३१० असं एका मताने पडलं, आपल्याला १९९९ चं वाजपेयींचं एक मत आठवेल.

पायरी ५: संसदेत आत काय चालतं

आपल्यासारखी एका पुस्तकात लिहिलेली राज्यघटना इथे नाही. काही कायदे, काही कोर्टाचे निकाल आणि खूपशा रूढी. मंत्री संसदेचा सदस्य असावा हे सुद्धा रूढीच आहे, म्हणून २०२३ मध्ये डेव्हिड कॅमरन यांना परराष्ट्रमंत्री करायचं तर आधी लॉर्ड्समध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, बसवावं लागलं.

विधेयक कॉमन्समध्ये आलं की पहिलं वाचन नुसतं नावापुरतं, दुसऱ्या वाचनाला तत्त्वावर चर्चा, मग कमिटीत कलम कलम तपासतात, मग रिपोर्ट स्टेज, तिसरं वाचन, मग हेच सगळं लॉर्ड्समध्ये. दोघांचं जुळेपर्यंत ते इकडून तिकडे फिरतं. शेवटी राजाची संमती, जी नाकारल्याचा शेवटचा प्रसंग १७०८ सालचा. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये साताठशे सदस्य, कोणीही निवडून आलेलं नाही, त्यात २६ बिशप. निवडून न आलेल्यांनी कायदे अडवायचे का हा इथे जुना वाद आहे आणि मला स्वतःला तो रास्त वाटतो, पण तिथली तपासणी बारकाईची असते हेही खरं. १९११ आणि १९४९ च्या कायद्यांनी त्यांचा हात बांधलाय, पैशांचं विधेयक ते एक महिना आणि बाकीची साधारण वर्षभर लांबवू शकतात, कायमची मारू शकत नाहीत.

आता आपल्या कामाची गोष्ट. व्हिसाचे नियम बहुतेक वेळा विधेयकाने बदलतच नाहीत. गृहमंत्री इमिग्रेशन रूल्समधल्या बदलांचं एक निवेदन संसदेपुढे ठेवतात, साधारण २१ दिवसांनी ते लागू व्हायला लागतं, त्यात खासदारांना दुरुस्ती सुचवता येत नाही आणि मतदान बहुतेक वेळा होतच नाही. मार्च २०२४ मध्ये असंच निवेदन आलं आणि ४ एप्रिलपासून स्किल्ड वर्करची पगाराची किमान मर्यादा २६,२०० वरून ३८,७०० पाउंड झाली. म्हणून बातमीत नुसतं विधेयक कुठे आलंय ते बघत बसू नका, स्टेटमेंट ऑफ चेंजेस हे शब्द दिसले की उघडून वाचा, कुठल्या तारखेपासून आणि आधी आत असलेल्यांना काय सूट आहे ते त्यातच असतं. खासदाराला लिहायचं ते पण हे निवेदन यायच्या आधी, चर्चेच्या टप्प्यावर, नंतर फार काही हलत नाही.

मतदान होतं तेव्हा सगळीकडे घंटा वाजते, आठ मिनिटांत खासदारांनी येऊन हो किंवा नाहीच्या लॉबीतून चालत जायचं, मग दारं बंद. पक्षाचा व्हिप असतो, पण इथे एक फार मोठा फरक आहे जो महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला पटकन पटत नाही. पक्षांतरबंदी कायदा नाही. आपण गेली काही वर्षं दहावं परिशिष्ट, अपात्रता, अध्यक्षांपुढची सुनावणी हेच ऐकत आलोय, इथे खासदार पक्ष सोडून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला तरी जागा त्याचीच. ली अँडरसन मार्च २०२४ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्हमधून निवडून आलेले असताना रिफॉर्ममध्ये गेले, पोटनिवडणूक झाली नाही. आणि व्हिप मोडून मत दिलं तर पक्ष शिक्षा करतो, खासदारकी जात नाही. जुलै २०२४ मध्ये लेबरच्या सात खासदारांनी दोन मुलांपुरत्याच मिळणाऱ्या मदतीच्या मर्यादेवर सरकारच्या विरोधात मत दिलं, सहा महिन्यांसाठी त्यांचा व्हिप काढून घेतला, म्हणजे पक्षाच्या संसदेतल्या गटातून बाहेर केलं, पण ते खासदार राहिले, बोलत राहिले, आणि नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये सरकारने तीच मर्यादा काढायची घोषणा केली. याचा तुमच्यासाठी अर्थ असा की सत्ताधारी पक्षाच्या साध्या खासदाराला लिहिणं फुकट जात नाही. त्याला स्वतःचं डोकं वापरायची मुभा आहे आणि मागच्या बाकांवरचे वीस पंचवीस जण कुरकुरायला लागले की मंत्री ऐकतात.

स्पीकरचं पण बघा. एकदा स्पीकर झाला की पक्ष सोडतो, मोठे पक्ष त्याच्याविरुद्ध उमेदवार सहसा देत नाहीत. सध्या २०१९ पासून लिंडसे हॉइल आहेत. दर बुधवारी दुपारी १२ वाजता पंतप्रधानांना प्रश्न, अर्धा तास, टीव्हीवर आणि ऑनलाईन लाइव्ह. आरडाओरडा खूप असतो, पण खरं काम बघायचं असेल तर सिलेक्ट कमिट्यांच्या, म्हणजे सरकारी कामावर नजर ठेवणाऱ्या खासदारांच्या समित्यांच्या, बैठका बघा, तिथे मंत्री आणि अधिकारी घाम फुटेपर्यंत उत्तरं देतात आणि कुठल्याही विषयावर चौकशी चालू असेल तर कोणीही लेखी म्हणणं पाठवू शकतं, तुम्ही पण.

पायरी ६: खासदाराकडून काम कसं करून घ्यायचं

संसदेच्या साईटवर पोस्टकोड टाकला की तुमचा खासदार कळतो. तुम्ही मतदार नसलात, तुम्ही त्याला मत दिलं नसलं, तरी तुम्ही त्या भागात राहता एवढं पुरेसं आहे. दुसऱ्या भागाचा खासदार कितीही ओळखीचा असला तरी तो तुमचं काम घेत नाही, तुमच्याच खासदाराकडे पाठवतो, हा इथला पक्का शिरस्ता आहे. खासदार शुक्रवारी किंवा शनिवारी मतदारसंघात सर्जरी घेतात, म्हणजे आपल्याकडचा जनता दरबार, फक्त इथे अपॉइंटमेंट लागते आणि साधारण दहा पंधरा मिनिटं मिळतात.

ईमेल लिहिताना पहिल्या ओळीतच पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड, नाहीतर उत्तर येत नाही. मग एका वाक्यात प्रॉब्लेम, मग तारखा आणि रेफरन्स नंबर, आणि शेवटी नक्की काय हवंय. उदाहरणार्थ, बायकोच्या डिपेंडंट व्हिसाचा अर्ज अमुक तारखेला केला, अर्ज क्रमांक हा, बायोमेट्रिक्स त्या तारखेला, ठरलेली मुदत या तारखेला संपली, होम ऑफिसला विचारलं तर ठोकळेबाज उत्तर आलं, कृपया अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे आणि उशीर का झाला ते विचारा. बस एवढंच. आपण भारतातून आलेले लोक खूप मोठी प्रस्तावना लिहितो, आदरणीय पासून सुरुवात करून दोन पानं, ते टाळा. ऑफिसातला केसवर्कर दिवसभर असे ईमेल वाचतो, त्याला तारखा आणि नंबर हवे असतात. तो तुमच्याकडून संमतीपत्र मागेल, ते लगेच पाठवा.

खासदार काय करू शकत नाही ते पण माहीत असू दे. कोर्टाचा निकाल बदलू शकत नाही, नियमात न बसणारा व्हिसा देऊ शकत नाही, घरमालकाशी किंवा शेजाऱ्याशी भांडण त्याच्या हातात नाही. पण रखडलेली फाईल हलते, मंत्र्याकडून लेखी उत्तर मागता येतं. सरकारी खात्याची तक्रार पार्लमेंटरी ऑम्बुड्समनकडे (लोकपालासारखं पद) न्यायची असेल तर ती खासदारामार्फतच जाते, एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची, तक्रार मात्र थेट नेता येते. तुमचा खासदार कुठल्या विषयावर कसा मत देतो ते दे वर्क फॉर यू या साईटवर नावानिशी सापडतं, लिहायच्या आधी बघा, त्याच्याच एखाद्या भाषणाचा धागा पकडून लिहिलं तर उत्तर चांगलं येतं.

आणि पिटिशन. संसदेच्या पिटिशन साईटवर यूकेत राहणारा कोणीही सही करू शकतो, नागरिक असण्याची अट नाही. १०,००० सह्यांना सरकारला लेखी उत्तर द्यावं लागतं, एक लाखाला चर्चेसाठी विचार होतो. २०२५ मध्ये सेटलमेंट म्हणजे पीआर मिळायला लागणारी मुदत पाच वर्षांवरून दहा करायचा प्रस्ताव आला तेव्हा स्किल्ड वर्करवाल्यांची पाच वर्षं तशीच ठेवा या पिटिशनवर लाखाच्या वर सह्या झाल्या आणि सप्टेंबरमध्ये वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये चर्चा झाली. त्या चर्चेत मतदान नसतं, पण खासदार उभे राहून आपल्या भागातल्या नर्सचं, इंजिनियरचं उदाहरण देत होते, आणि ती उदाहरणं लोकांनी त्यांना ईमेल केली होती म्हणूनच त्यांच्याकडे होती. नुसती सही करून थांबू नका, सोबत आपल्या खासदाराला दोन ओळी लिहा की चर्चेला हजर रहा.

पायरी ७: एकदा जाऊन बघा

पब्लिक गॅलरीत बसून कामकाज बघायला पैसे लागत नाहीत. बुधवारच्या पंतप्रधान प्रश्नांना गर्दी असते, त्याची तिकिटं इथे राहणाऱ्यांना खासदारामार्फत मिळतात, खूप आधी मागा. गाईडेड टूर पण खासदाराच्या ऑफिसमार्फत फुकट मिळते, नुसतं साईटवरून घेतलं तर पैसे पडतात, शाळेतली मुलं असतील तर जरूर न्या. बाकी दिवशी क्रॉमवेल ग्रीनच्या दाराशी रांग लावायची, विमानतळासारखी तपासणी होते, आणि संध्याकाळी रांग छोटी असते. कॉमन्सची बाकं हिरवी, लॉर्ड्सची लाल. खासदार ६५० आणि बसायला जागा ४२७ च्या आसपास, म्हणून मोठ्या दिवशी लोक पायऱ्यांवर बसलेले दिसतात. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात कॉमन्सचं सभागृह जळालं होतं, ते पुन्हा बांधताना कॉमनवेल्थ देशांनी भेटी पाठवल्या, स्पीकरची खुर्ची ऑस्ट्रेलियाची, टेबल कॅनडाचं, आणि आत शिरायचे दरवाजे भारत आणि पाकिस्तानचे. कॉमन्स सोमवारी दुपारी अडीचला, मंगळवारी आणि बुधवारी साडेअकराला आणि गुरुवारी साडेनऊला सुरू होतं, शुक्रवारी बहुतेक वेळा बैठक नसते आणि उन्हाळा, नाताळ, ईस्टरला सुट्टी असते, त्यामुळे निघायच्या आधी त्या आठवड्याचं कामकाज साईटवर बघून घ्या.